कुसळाचं नवं वर्ष

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री फटाके वाजतात आणि १ जानेवारीची सकाळ झोपेत निघून जाते. वर्षाचा पहिलाच दिवस असा अर्धा हातचा गेलेला मला सोसत नाही. म्हणून तो दिवस मी कळसूबाईला देतो. पहाटे साडेतीनला बारी गावातून निघायचं, बॅटरीच्या उजेडात पायाखालची वाट शोधायची, लोखंडी शिड्यांचे गारठलेले कठडे धरत चढायचं आणि माथ्यावरच्या देवळाच्या आडोशाला तांबडं फुटायची वाट बघायची. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही.

डोंगरावर मात्र नवं काहीच सुरू झालेलं नसतं. डिसेंबरच्या २१-२२ तारखेनंतर दिवस मोठा होऊ लागतो खरा, पण तो वाढतो संध्याकाळच्या बाजूने. सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज किंचित उशिराच होत जातो. ज्याच्यासाठी कुडकुडत बसायचं, तो नव्या वर्षाचा सूर्य कालच्यापेक्षा मागेच असतो! मग भंडारदऱ्याचं पाणी चमकतं, अलंग-मदन-कुलंगचे कडे उजळतात आणि उतारांवरचं वाळलेलं गवत पिवळंधमक दिसू लागतं.

त्या गवताची कुसळं उतरताना मोज्यांत शिरतात. कुसळ म्हटलं की आपल्याला म्हणीतलं, डोळ्यात गेलेलंच आठवतं. एकदा तळहातावर घेऊन बघा. एका टोकाला सुईसारखं बी, मागे पीळ दिलेली लांब शेपटी. दवाने ओली झाली, उन्हाने सुकली की ही शेपटी पीळ घेते, सोडते आणि बी थोडं थोडं मातीत घुसवते. पुढे पाच महिने ते तिथेच पडून राहतं. उगवतं ते मृगाच्या पावसात.

१ तारखेला केलेला संकल्प आठवडाभरात दिसला नाही की आपण स्वतःला नालायक ठरवून मोकळे होतो. मला ही घाई चुकीची वाटते. जानेवारी हा रुजायचा महिना आहे, उगवायचा नाही, हे मला पटलं ते कुसळं काढत बसलो असताना.

तेव्हा या वर्षी चढा. ३१च्या रात्री माथ्यावर स्पीकर लावून दंगा करू नका, खाली कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी खाऊन लवकर झोपा. आणि मोज्यातली कुसळं शहरात आणू नका. गावात पोचायच्या आधी, वाटेवरच बसून काढा आणि तिथल्याच मातीत टाका.