युरोपचा वळसा न घेता

मावळात शिरगाव म्हटलं की प्रतिशिरडीचं साईमंदिर आठवतं. तिथून पुण्याच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात देहूरोड लागतं. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या विहारात रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसवली. चिनी आणि आफ्रिकी वंशाच्या विचारवंतांची परंपरा मराठी वाचकाने परदेशातून आलेल्या बुद्धाला जागा देणाऱ्या याच टापूपासून समजून घ्यायला सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे तत्त्वज्ञान शिकायचं म्हणजे एकीकडे षड्दर्शनं आणि दुसरीकडे सॉक्रेटिस ते कांट. चीन वाट्याला आला तर ओझरता. आफ्रिका बहुधा येतच नाही. मराठी विचाराने मात्र या दोन्हींशी फार पूर्वीच नातं जोडलं आहे.

१८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून हे पुस्तक एकच प्रश्न धसाला लावतं: बळाने लादलेलं दास्य माणसाला धर्म म्हणून कसं पटवून दिलं जातं? तीस वर्षांनी, १९०३ मध्ये, अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी कृष्णवर्णीय माणसाची कोंडी मांडली. त्याला स्वतःकडेही दुसऱ्याच्या तुच्छतेच्या नजरेतून पाहावं लागतं, असं ते म्हणाले. फुले दास्याची बाहेरून झालेली रचना उकलतात, डू बॉइस तिचा आतला घाव दाखवतात. दोघांना शेजारी ठेवून वाचलं की दोघेही अधिक कळतात. १९४६ साली आंबेडकरांनी डू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डू बॉइस यांनी उत्तरही दिलं.

चीनचा धागा पुण्यातल्या विद्वत्तेत सापडतो. ‘विमुत्तिमग्ग’ या बौद्ध ग्रंथाचं सहाव्या शतकाच्या आरंभी झालेलं चिनी भाषांतर टिकून राहिलं. बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक पु. वि. बापट यांनी ते बुद्धघोषाच्या पाली ‘विसुद्धिमग्गा’शी प्रकरणागणिक ताडून पाहिलं आणि १९३७ साली तो अभ्यास पुण्यात प्रसिद्ध केला. शील, समाधी, प्रज्ञा हाच क्रम दोन्हीकडे आहे. तरी मतभेदाच्या जागा बापटांनी बारकाईने टिपल्या.

पण चीन हे आपल्या ग्रंथांचं निव्वळ कोठार नव्हे. बुद्धविचार तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी कन्फ्यूशियस आणि मोझी यांच्या परंपरांत कडाक्याचा वाद झाला होता. माया घरापासून सुरू होऊन पायरीपायरीने बाहेर पसरावी, हा कन्फ्यूशियसपंथीयांचा आग्रह. सगळ्यांची सारखीच काळजी घ्यावी, हे मोझीचं म्हणणं. आधुनिक काळात मोझीच्या पंथाचं तर्कशास्त्र पुन्हा पुढे आणणाऱ्यांत चिनी विचारवंत हू शी होते. ते अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन डूई यांचे विद्यार्थी. आंबेडकरही तिथे १९१३ ते १९१६ या काळात शिकले आणि डूईंना गुरू मानत.

आपली जात, आपली आळी इथेच थांबणाऱ्या आपुलकीला आंबेडकरांनी बंधुतेचं आव्हान दिलं. ती बंधुता मोझीच्या प्रश्नाजवळ जाते आणि डू बॉइसच्या वेदनेजवळही. म्हणून या परंपरा परदेशी माहिती म्हणून शिकवून भागणार नाही. आपल्या महाविद्यालयांत ‘गुलामगिरी’सोबत डू बॉइस आणि आंबेडकरांच्या बंधुतेसोबत मोझी वाचला गेला पाहिजे. माणसाला माणूस म्हणून जगू न देणारी व्यवस्था कशी मोडायची, हा प्रश्न तिन्हीकडच्या लोकांनी स्वतःच्या भाषेत सोडवायला घेतला. त्यांची उत्तरं एकमेकांसमोर ठेवण्याचं काम मराठीत अजून व्हायचं आहे.