पुतळा आणि मूर्ती

मराठी भाषेने ‘पुतळा’ आणि ‘मूर्ती’ हे दोन शब्द इतक्या काटेकोरपणे वेगळे राखले आहेत, की पाषाण तोच, छिन्नी तीच आणि घडविणारा हातही तोच असला, तरी गाभाऱ्यातील आकृतीला पुतळा म्हणण्यास कोणाची जीभ धजत नाही आणि चौकातील आकृतीपुढे सहसा कोणी निरांजन ओवाळीत नाही. ही सीमा नेमकी कोठे आहे, दगडात, विधीत की पाहणाराच्या दृष्टीत, हा प्रश्न मला ग्रंथांपेक्षा मुंबईच्या रस्त्यांनीच अधिक वेळा विचारला आहे.

आज ज्या वर्तुळाकार उद्यानाला हॉर्निमन सर्कल म्हणतात, तेथे कंपनी सरकारच्या अमदानीत कोटातले मोकळे मैदान होते आणि १८२२ साली त्या मैदानावर लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा एका घुमटीखाली बसविण्यात आला. ज्याच्या गव्हर्नर-जनरलपदाच्या काळात बंगालात कायमधाऱ्याची पद्धत सुरू झाली, त्या राज्यकर्त्याचे हे स्मारक. परंतु शहरातील भाविकांनी त्या स्थळाला ‘छोटे देऊळ’ म्हणण्यास आरंभ केला, तेथे फुले वाहिली, हात जोडले, आणि हे देवस्थान नव्हे असे सरकारने बजावून पाहिले तरी तो परिपाठ सहजासहजी मोडला नाही. जुन्या इंग्रजी वर्णनांत ही हकीकत रयतेच्या भाबडेपणाचा मासला म्हणून येते. मला ती तशी वाटत नाही. उंच चौथरा, वर घुमट, भोवती फिरण्यापुरती मोकळी जागा आणि मध्यभागी एक निश्चल मुद्रा, अशी देवळाची सारी लिपी स्मारक उभारणाऱ्यांनी स्वतःच तेथे लिहून ठेवली होती. झाडाखालच्या तांदळ्याला शेंदूर चढवून त्यात ग्रामदैवत पाहणाऱ्यांनी ती वाचली, एवढेच.

शास्त्र म्हणेल, की तेथे प्राणप्रतिष्ठा कोठे झाली होती? या आक्षेपाला वजन आहे, कारण आपल्या परंपरेने दगडमातीला आपसूक देव मानलेले नाही. भाद्रपदातला पार्थिव गणपती पाहावा: आवाहनाने त्याच्या ठायी देवत्व येते, आणि उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून मूर्ती जागची किंचित हलविली, की ती पुन्हा माती होते. देवपण मातीला मुदतीने मिळालेले असते. लालबागेत तासन्‌तास रांगेत तिष्ठलेली माणसे अनंतचतुर्दशीला तीच आकृती समुद्राच्या स्वाधीन होताना पाहतात. आणि कलावस्तू जपून ठेवण्यातच तिचा सन्मान आहे, या समजुतीला याहून गंभीर उत्तर मला ठाऊक नाही. पण मग ज्याच्यावर एकही मंत्र म्हटला गेला नाही, त्या कॉर्नवॉलिसच्या पायांशी फुले का पडली? विचारांती मला असे वाटते, की विधी दगडाला जितका संस्कार करतो, त्याहून अधिक तो पाहणाराच्या डोळ्यांना करतो; आणि एकदा संस्कार झालेला डोळा मंत्राची वाट पाहत थांबत नाही. देव दर्शन ‘देतो’, आपण ते ‘घेतो’. पुतळा मात्र आपण नुसता ‘पाहतो’.

म्हणूनच जिन्याच्या वळणावर कोणी थुंकू नये यासाठी देवांच्या चित्रांच्या लाद्या बसविलेल्या दिसल्या, की मन विषण्ण होते. गणपती, साईबाबा, क्रूस आणि काबा एका ओळीत, गुडघ्याइतक्या उंचीवर! जागा स्वच्छ राहते हे खरे. पण जे दर्शन स्वेच्छेने घ्यावयाचे, ते येथे धाकाने वसूल केले जाते आणि देवाला पहारेकऱ्याच्या कामावर नेमले जाते. असे मी मानीत असतानाच एके सकाळी कोटातील एका जुन्या इमारतीत झाडलोट करणारी एक बाई पाहिली. तिने लादी ओल्या फडक्याने पुसली, त्या चित्राला बोटे लावून ती छातीशी नेली, आणि ती पुढच्या पायरीकडे वळली. माझी विषण्णता तिच्या गावीही नव्हती. इमारतीच्या मालकांनी जेथे मनाईहुकूम लावला होता, तेथे तिला मूर्ती दिसली होती, आणि तिचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

तेथून काळा घोडा फार दूर नाही. सर अल्बर्ट ससून यांनी दिलेला प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली तेथे उभा राहिला. लोकांनी राजपुत्राला वगळून जागेला घोड्याचे नाव दिले. १९६५ साली पुतळा हलविला गेला, पुढे भायखळ्याच्या उद्यानात गेला, आणि नाव मात्र जागेवरच राहिले. २०१७ साली तेथे नवा घोडा आला, तो स्वाराविना. पण मधली पन्नासाहून अधिक वर्षे कोणताही घोडा नसताना माणसे ‘काळ्या घोड्यापाशी’ भेटत होती, एकमेकांची वाट पाहत होती. आकृती गेल्यावरही दृष्टी तेथेच वळते, हे मला त्या रिकाम्या जागेने जितके समजाविले, तितके निर्गुणावरील कोणत्याही प्रवचनाने समजाविलेले नाही. विसर्जनाहून परतणारी माणसे रिकाम्या पाटावर चौपाटीची मूठभर वाळू घेऊन येतात, कालपर्यंत मखर होते तेथे तो पाट ठेवतात, आणि त्या वाळूपुढे उभे राहून आरती म्हणतात.