जाब कोणाला विचारायचा?

सतराव्या शतकात गॉटफ्रीड लाइबनिझ या जर्मन विचारवंताने एक स्वप्न पाहिले. माणसाच्या सगळ्या कल्पना त्यांच्या मूळ घटकांपर्यंत सोडवत न्यायच्या, प्रत्येक घटकाला चिन्ह द्यायचे, त्या चिन्हांचे नियम बसवायचे. मग दोन पंडितांचा वाद झाला तरी आवाज चढवायचे कारण उरणार नाही. दोघांनी बसून हिशेब मांडायचा आणि निघेल ते उत्तर मान्य करायचे. लाइबनिझ नुसता कल्पनेत रमणारा नव्हता. गुणाकार-भागाकारही करू शकेल अशा यंत्राचा नमुना त्याने १६७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला होता. पण त्याचे शिक्षण कायद्याचे होते, आणि त्याचा जन्म झाला तेव्हा जर्मन प्रदेश बेचिराख करणारे तीस वर्षांचे युद्ध संपायला अजून दोन वर्षे होती. ज्या मतभेदांपायी माणसे एकमेकांचे गळे कापत होती, ते कोणाचीच बाजू न घेणाऱ्या गणिताकडे सोपवावेत, ही त्यामागची कळकळ होती. कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतिहास सहसा संगणकापासून सांगतात. तो या आशेपासून सांगायला हवा. कारण विचार करणाऱ्या यंत्राच्या कल्पनेत दोन इच्छा पहिल्यापासून गुंतलेल्या आहेत. विचाराचे श्रम यंत्राकडे द्यावेत ही एक, आणि निर्णयाचा भार आपल्या खांद्यावरून उतरावा ही दुसरी. पहिलीची चर्चा अमाप झाली. माणसांचे पुढे काय होणार हे मात्र दुसरीवर अधिक अवलंबून आहे, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकात हा भार कोणाचा याबद्दल संदिग्धता नव्हती. चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावर १८४३ मध्ये टिपणे लिहिताना एडा लव्हलेस यांनी स्पष्ट केले होते की हे यंत्र स्वतःहून काही निर्माण करण्याचा दावा करत नाही. जे करायला सांगण्याचे ज्ञान आपल्याकडे आहे, तेवढेच ते करते. या विधानात यंत्राची मर्यादा आहे तशी माणसाची जबाबदारीही आहे, कारण सांगणारा माणूस आहे. गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या विधानातून निघणाऱ्या आक्षेपाला उत्तर दिले. प्रौढ माणसाची बुद्धी यंत्रात थेट भरण्यापेक्षा लहान मुलासारखे यंत्र करावे आणि त्याला शिकवावे, असे त्यांनी सुचवले. त्याच निबंधाच्या अखेरीस एक विधान आहे, ज्याच्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले: शिकणाऱ्या यंत्राच्या आत नेमके काय चालले आहे, याची त्याच्या शिक्षकाला बऱ्याच अंशी कल्पना नसेल. ट्यूरिंग यांना ही चिंतेची बाब वाटली नाही. बुद्धीचे वर्तन आखून दिलेल्या वाटेवरून थोडे ढळणारच, असे त्यांचे म्हणणे होते. पण सांगणारा आणि करणारा यांच्यातला लव्हलेस यांनी गृहीत धरलेला धागा इथे पहिल्यांदा सैल झाला. आजच्या भाषिक प्रारूपांमध्ये अब्जावधी आकडे प्रशिक्षणातून आपोआप बसवले जातात आणि त्यांपैकी एखादा आकडा तसाच का, हे ती घडवणारा अभियंताही सांगू शकत नाही. ट्यूरिंग यांचे ते वाक्य आता रोजचे वास्तव आहे.

या सैल धाग्यावरून पहिला गंभीर वाद १९६० मध्ये झाला. सायबरनेटिक्सचे प्रवर्तक नॉर्बर्ट वीनर यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात इशारा दिला की शिकणारी यंत्रे आपल्यापेक्षा इतक्या वेगाने काम करतील की चूक लक्षात येईपर्यंत ती हाताबाहेर गेलेली असेल. म्हणून यंत्रात घातलेला हेतू हाच आपल्याला खरोखर हवा असलेला हेतू आहे ना, याची आधीच खातरजमा केली पाहिजे. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात आर्थर सॅम्युएल यांनी प्रतिवाद केला. सॅम्युएल हे आयबीएममधले, चेकर्सचा खेळ स्वतः शिकत जाणारा प्रोग्रॅम लिहिणारे, म्हणजे या विषयातले अधिकारी. यंत्राला इच्छा नसते, त्याची उत्तरे त्याला दिलेल्या माहितीतून आणि सूचनांतूनच निघतात, असे ते म्हणाले. तर्काच्या अंगाने सॅम्युएल बरोबर होते. तरीही वाद वीनर यांनी जिंकला असे मी मानतो, कारण त्यांचा मुद्दा यंत्राच्या इच्छेचा नव्हताच. यंत्राला इच्छा नाही हेच तर संकट आहे: परिणाम घडतो, पण तो कोणीच इच्छिलेला नसतो, आणि मग तो कोणाच्या पदरात घालायचा हे ठरत नाही.

हा प्रश्न सर्वांत तळमळीने मांडला तो जोसेफ वायझेनबॉम यांनी. नाझी राजवटीतून १९३६ मध्ये कुटुंबासह निसटलेला हा मुलगा पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला आणि १९६६ मध्ये त्याने ‘एलिझा’ हा संभाषण करणारा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. समोरच्याचे वाक्य थोडे फिरवून प्रश्न म्हणून परत करणे, एवढीच त्याची करामत होती. तरी माणसे त्याच्याजवळ मन मोकळे करू लागली, आणि काही मनोविकारतज्ज्ञ अशा प्रोग्रॅमने तासाला शेकडो रुग्ण तपासता येतील असे लिहू लागले. वायझेनबॉम हादरले. १९७६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी जॉन मॅकार्थी यांचा एक प्रश्न नोंदवला आहे. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव रूढ करणाऱ्या मॅकार्थी यांनी विचारले होते: न्यायाधीशाला असे काय ठाऊक असते, जे आपण संगणकाला सांगू शकत नाही? मॅकार्थी यांच्या मते उत्तर होते, काहीच नाही. वायझेनबॉम यांनी ज्ञानाच्या त्या मैदानात लढायचेच नाकारले. यंत्राला हे जमेल का, हा त्यांचा प्रश्न नव्हता; हे काम यंत्राकडे द्यावे का, हा होता. व्हिएतनाम युद्धाचा दाखला देऊन त्यांनी लिहिले की धोरण ठरवणाऱ्यांनी न समजणाऱ्या यंत्रणेकडे निर्णय सोपवले आणि त्या ओघात जबाबदारीच विरून गेली. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, फ्रान्सने कायदाच केला: माणसाच्या वर्तनाचे मूल्यमापन करणारा कोणताही न्यायालयीन निर्णय स्वयंचलित माहिती-प्रक्रियेवर आधारलेला असणार नाही. संगणक अजून घरोघरी पोचले नव्हते त्या काळात एका देशाला ही रेघ ओढावीशी वाटली, याचा मला आजही आदर वाटतो.

पुढची कहाणी आत्ताच्या वाचकाला बरीचशी ठाऊक आहे. २०१२ पासून न्यूरल नेटवर्कनी चित्रे ओळखण्यात मुसंडी मारली, २०१६ मध्ये अल्फागो या प्रोग्रॅमने ‘गो’ या पटखेळात ली सेडोल या खेळाडूला हरवले, २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. पण जबाबदारी विरण्याचे सर्वांत मोठे पुरावे या हुशार यंत्रांनी दिलेले नाहीत, आणि हे नीट लक्षात घ्यायला हवे. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत सरकारने लोकांचे वर्षाचे उत्पन्न पंधरवड्यांत सरासरीने वाटले आणि भत्ता घेणाऱ्याने नोंदवलेल्या रकमेशी ते जुळले नाही की थेट वसुलीची नोटीस धाडली. ज्याला वर्षातले चारच महिने काम मिळाले, तो या सरासरीत खोटारडा ठरत होता. चार लाखांहून अधिक लोकांवर असे बेकायदा कर्ज लादले गेले; २०२३ मध्ये चौकशी आयोगाने योजनेचे वाभाडे काढले. यात बुद्धिमत्ता कुठे होती? शाळकरी भागाकार होता. नेदरलँड्समध्ये पाळणाघर-अनुदानाच्या छाननीत अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हासुद्धा जोखमीचा निकष धरला गेला, हजारो कुटुंबे देशोधडीला लागली आणि २०२१ च्या जानेवारीत सरकारला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे रेशन दुकानात कष्टाने बोटांचे ठसे झिजलेल्या म्हातारीला ‘मशीन घेत नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा घडते ते याच जातीचे असते. दुकानदार खोटे बोलत नसतो. त्याच्या हातात खरोखरच काही नसते, तहसील कचेरीतल्या कारकुनाच्याही नसते. आणि ज्याच्या हातात असते, त्याच्यापर्यंत त्या म्हातारीची वाट जात नाही.

यावर एक भक्कम आक्षेप आहे. माणसाचे निर्णय काय मोठे निर्मळ असतात? पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवून दिले की रुग्ण किंवा कैदी पुढे कसा वागेल याचा अंदाज करण्यात साधी सांख्यिकी सूत्रे अनुभवी तज्ज्ञांच्या बरोबरीची किंवा सरस ठरतात, आणि नंतरच्या संशोधनाने ते मोडून काढलेले नाही. जात, धर्म, पोशाख पाहून वागणारा अधिकारी आपल्या देशाला नवा नाही. त्याच्यापेक्षा निर्विकार यंत्र का नको? हा आक्षेप मला खरा वाटतो आणि त्याचा अर्धा भाग मी पूर्ण स्वीकारतो. अंदाज करण्याचे काम यंत्राला चांगले जमत असेल तर ते यंत्राने करावे. पण मील यांचा पुरावा अंदाजाबद्दल आहे. कैदी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, हा अंदाज झाला. कितव्या टक्क्याला त्याला तुरुंगात ठेवायचे, एका निरपराधाला डांबणे आणि एका गुन्हेगाराला सोडणे यांतले कोणते पाप मोठे, हे कोणत्याच सूत्रातून निघत नाही. ते कोणीतरी ठरवलेले असते आणि सूत्रात घातलेले असते. शिवाय पूर्वग्रहदूषित अधिकाऱ्याविरुद्ध अपील करता येते, त्याची बदली होते, शेजारच्या तालुक्यातला अधिकारी वेगळा असू शकतो. सूत्रातली चूक एकाच दिवशी सगळ्या तालुक्यांत, सगळ्यांवर, सारख्याच चेहऱ्याने कोसळते.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे, कारण तो माझ्याच उपायावर, म्हणजे यंत्राच्या निर्णयाला जबाबदार माणूस हवा या म्हणण्यावर, येतो. यंत्राच्या निर्णयावर माणसाची सही ठेवा म्हणाल, तर तो माणूस डोळे मिटून सही करील; आणि काही बिघडले की तोच बळी जाईल. २०१८ मध्ये ॲरिझोनात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित मोटारीखाली रस्ता ओलांडणारी एक स्त्री मेली. ठरलेल्या जागेखेरीज मध्येच रस्ता ओलांडणारा पादचारी ही शक्यताच त्या प्रणालीत धरलेली नव्हती, हे सरकारी तपासात निघाले. तरी कंपनीवर फौजदारी गुन्हा लागला नाही; खटला भरला गेला तो आत बसवलेल्या देखरेख करणाऱ्या चालकावर. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच नुसत्या सहीवर मी समाधानी नाही. निर्णय उलटवायचा अधिकार, तो तपासायला वेळ आणि त्यासाठी लागणारी माहिती ज्याच्याकडे नाही, त्याला जबाबदार म्हणणे हा अन्याय आहे. भार वर सरकला पाहिजे, यंत्र विकत घेणाऱ्याकडे आणि वापरात आणणाऱ्याकडे. तो सरकवता येतो, याचा दाखला कॅनडात आहे. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉट आपल्या कृतीला स्वतः जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये तो साफ फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ होती, तत्त्व किरकोळ नव्हते.

कोणी म्हणेल, माणसापेक्षा प्रगल्भ यंत्र येऊ घातले असताना रेशनच्या रांगेची काय चर्चा करता? तशा यंत्राची कल्पना गणितज्ञ आय. जे. गुड यांनी १९६५ मध्येच मांडली होती, आणि २०२३ मध्ये जेफ्री हिंटन यांच्यासारख्या संशोधकांनी व बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनीही मानवजात नष्ट होण्याचा धोका गंभीरपणे घ्या, असे निवेदन काढले. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. वीनर यांनी विचारलेला हेतूचा प्रश्नच तिच्यात आहे. पण भागाकार करणाऱ्या यंत्रणेचा जाब कोणाला विचारायचा हे ज्या समाजाला ठरवता येत नाही, तो प्रगल्भ यंत्राला लगाम कसा घालणार? जाब विचारण्याची सवय लहान यंत्रांवरच लावून घ्यावी लागेल.

भारतात ती लावण्याची वेळ आत्ताची आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी ‘मार्वल’ ही संस्था उभी केली. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांना बजावले की अशी साधने निष्कर्ष काढण्यासाठी वा निकाल देण्यासाठी वापरायची नाहीत. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध माणसाकडून फेरतपासणी मागण्याचा युरोपात मिळतो तसा हक्क नागरिकाला दिलेला नाही. त्यासाठी नमुना परदेशातून आणायची गरज नाही. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्रात आणि पुढे २००५ मध्ये देशभर आलेल्या माहिती अधिकार कायद्याने प्रत्येक कचेरीत एक नावानिशी अधिकारी नेमायला लावला, त्याला तीस दिवसांची मुदत घातली आणि विनाकारण टाळाटाळ केल्यास दिवसाला अडीचशे रुपये दंड त्याच्यावर व्यक्तिशः बसवण्याची तरतूद केली. प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित माणसाला द्यावीत, हेही त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलेले आहे. ते कलम यंत्राने सुचवलेल्या निर्णयांनाही लागू आहे असे स्पष्ट लिहावे. ज्याचे रेशन, निवृत्तिवेतन किंवा जामीन अशा निर्णयामुळे अडेल त्याला मराठीत कारण मिळावे. आणि तो निर्णय फिरवू शकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्याच कागदावर, मुदतीसह, छापलेले असावे.