वाटणी दिवसांची, हक्क मुलाचा

तलाक किंवा खुला झाला की नवरा-बायकोचे नाते संपते, आई-बापाचे संपत नाही. हे आपण सारे जाणतो. तरीही मुलाच्या खर्चाची गोष्ट निघाली की आपली भाषा बदलते. मूल अर्धा आठवडा आईकडे, अर्धा आठवडा बापाकडे राहणार, मग पोटगी कसली? ज्याने त्याने आपापल्या दिवसांचे पाहावे. हा हिशेब दिसायला सरळ आहे. पण तो इन्साफाचा आहे का?

रत्नागिरीतलेच एक उदाहरण कल्पू या. बाप मिरकरवाड्यातला बोटमालक, सरासरी कमाई महिना 60,000 रुपये. आई शिक्षिका, पगार 30,000. मुलाचा खर्च 12,000. दिवस समान म्हणून दोघांनी 6,000 घातले तर बापाच्या कमाईचा दहावा हिस्सा जातो, आईच्या पगाराचा पाचवा. दिवस समान झाले, ओझे झाले नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि नेमक्या जूनमध्ये शाळा उघडते. वह्या, दप्तर, गणवेश, फी. तेव्हा बापाची तंगीही खरीच. म्हणून एका महिन्याकडे न पाहता वर्षाची सरासरी पाहायला हवी.

शरीअतीचा दंडक काय? संगोपन, म्हणजे हिजानत, आणि खर्च, म्हणजे नफका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाची स्वतःची मालमत्ता नसेल तर नफका प्रथम बापावर, आणि तो ऐपतीप्रमाणे. मूल कोणाच्या छपराखाली किती रात्री झोपले, यावर तो ठरत नाही. सूरह बकरामधील 233 वी आयत तर मुलाच्या निमित्ताने आईचे किंवा बापाचे, कोणाचेच नुकसान होऊ नये असे बजावते.

देशाचा कायदाही याच दिशेने गेला आहे. 1997 साली नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की 1986 च्या कायद्यामुळे मुस्लिम बापाची अल्पवयीन मुलांच्या पोषणाची जबाबदारी दोन वर्षांवर येत नाही. 2000 साली पद्मजा शर्मा प्रकरणात, पक्षकार हिंदू होते, बापाची मिळकत आईच्या सुमारे दुप्पट असल्याने मुलांचा खर्च दोनास एक असा वाटला गेला. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने दोघांनीही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले. समान ताब्यासाठी आपल्याकडे ठरलेले सूत्र नाही. कॅनडात मूल दोघांकडे किमान 40 टक्के वेळ राहिले, तर दोघांच्या देय रकमा काढून फरक पाहतात, पण तेवढ्यावर न थांबता दोन्ही घरांची परिस्थितीही विचारात घेतात.

आपल्या उदाहरणात दोनास एक लावले तर बापाचा वाटा 8,000, आईचा 4,000. दोघे आपल्या घरी 6,000 खर्चत असतील, तर बापाने आईला 2,000 द्यावे. आईची कमाई जास्त असेल, तर याच कायदेशीर हिशेबाने तिनेही अधिक उचलावे. फिकहच्या कसोटीने आईचा वाटा हा तिचा एहसान म्हणावा लागेल. कोणत्याही कसोटीने बापाचा वाटा शून्य होत नाही.

आणि हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. या मसलकात मुलाला समज आली, साधारण सात वर्षांचे झाले, की कोणाकडे राहायचे हे त्यालाच विचारतात. एका घरी सुरमई आणि नवी सायकल, दुसऱ्या घरी नुसती डाळ, असे असेल तर ते मूल आई-बापांत निवड करील की ताटात? गरीब घराला तोलून न धरता दिलेली निवड ही निवडच नव्हे.

म्हणून जमातीत समझोता लिहिताना दिवसांबरोबर दोघांची वार्षिक मिळकत, फी, औषध, कपडे यांचाही हिशेब लिहिला जावा. खुला हवा असलेल्या बाईकडून ‘मुलाचा खर्च मागणार नाही’ असे लिहून घेऊ नये. मेहर तिची आहे, ती सोडू शकते. नफका मुलाचा आहे. तो सोडण्याचा अधिकार तिलाही नाही.