वळणारा कुत्रा व गृहस्थाचे ऋण

‘घरात पाळण्यास कोणत्या जातीचा कुत्रा चांगला?’ हा प्रश्न अलीकडे आपल्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत वारंवार विचारला जातो. विचारणाराच्या मनात अपेक्षांची एक ठरीव यादी असते. कुत्रा हुशार असावा, मुलाबाळांत रमणारा असावा, सांगितलेले चटकन शिकणारा असावा, आणि दिसावयासही देखणा असावा. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांच्या जाती या कसोट्यांस इतक्या उत्तम उतरतात की, अल्सेशियन, कॉली, बॉर्डर कॉली ही नावे आता मेंढरांचा कळप कधी जवळून न पाहिलेल्या घरांतही परिचयाची झाली आहेत. परंतु या व्यावहारिक प्रश्नाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, व तो बहुधा कोणी विचारीत नाही. जो प्राणी माणसाने एका विशिष्ट कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडविला, त्याचे ते काम काढून घेऊन त्यास केवळ सुखात ठेवणे, ही त्याच्यावर केलेली दया म्हणावी की अन्याय? हा विचार आम्ही आपण होऊन आरंभिला असे म्हणवत नाही. आमच्याच घरातील एका प्रसंगाने तो आम्हांस करावयास लावला. तो प्रसंग यथास्थळी येईलच.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. राखणे व वळणे ही दोन कामे आपल्या भाषेने वेगळी मानली आहेत, आणि कुत्र्यांच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे. आपल्या धनगरांच्या कळपाबरोबर हिंडणारा कुत्रा मुख्यतः राखण करतो. लांडग्याची चाहूल लागताच भुंकणे व वेळ पडल्यास त्याच्या अंगावर जाणे, हे त्याचे काम. मेंढ्यांस हाकण्याचे काम धनगर स्वतः आपल्या आरोळीने व काठीने करतो. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात मात्र लांडगे कित्येक शतकांपूर्वीच नामशेष झाले. तेथे मेंढ्या उघड्या डोंगरउतारांवर दूरवर पांगून चरतात, आणि लोकर कातरण्याच्या किंवा पिले वेगळी करण्याच्या वेळी त्यांस गोळा करून खाली आणणे हेच मोठे संकट असते. या गरजेतून तेथे वळणारा कुत्रा निर्माण झाला. राखणारा कुत्रा लहानपणापासून कळपात वाढतो, कळपास आपला मानतो, आणि संकट नसेल तेव्हा निवांत पडून राहतो. वळणाऱ्या कुत्र्यास अशी निवांतता ठाऊक नसते. हलणारी वस्तू दृष्टीस पडली की त्याचे सारे शरीर जागे होते.

हे कसे घडले, याचा उलगडा रेमंड कॉपिंजर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने फार सुबोध रीतीने केला आहे. लांडग्याच्या शिकारीस ठरलेल्या पायऱ्या असतात: सावज हेरणे, त्यावर नजर रोखणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडणे, ठार मारणे व खाणे. मेंढपाळांनी निवडीच्या जोरावर यांतील पहिल्या पायऱ्या धारदार केल्या आणि शेवटच्या बोथट केल्या. तेव्हा वळणे म्हणजे ऐन रंगात थोपवून धरलेली शिकारच होय. मेंढी त्या रोखलेल्या नजरेत लांडगा पाहते व मुकाट्याने बाजूस सरते. कुत्र्याचे कान मात्र धन्याच्या शिटीकडे असतात. एका इशाऱ्यास तो कळपास डावीकडून वळसा घालतो, दुसऱ्यास उजवीकडून, तिसऱ्यास असेल तेथे पोट टेकून बसतो. एवढी उग्र वासना आणि एवढा संयम एकाच देहात नांदविणे, हे मानवी कर्तृत्वातील एक आश्चर्य मानावे लागेल.

या कर्तृत्वाचा इतिहास बोधप्रद आहे. वेल्समधील बाला या गावी १८७३ साली मेंढ्या वळण्याच्या जाहीर शर्यती भरल्या. १८९३ साली नॉर्थंबरलंड परगण्यात ॲडम टेल्फर नावाच्या मेंढपाळाकडे ‘हेम्प’ हा कुत्रा जन्मला. त्याचा बाप मोकळ्या स्वभावाचा आणि आई बुजरी परंतु विलक्षण तीव्र नजरेची होती. पिलात दोहोंचा समतोल उतरला. तो १९०१ साली मेला, परंतु आजच्या बहुतेक सर्व बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापर्यंत पोहोचते. १९०६ साली या कुत्र्यांच्या जोपासनेसाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. या सर्व काळात पिले कोणाची घ्यावयाची हे ठरविताना कुत्र्याचा रंग वा कानांची ठेवण कोणी फारशी पाहिली नाही. जो उत्तम वळतो त्याचा वंश वाढवावा, हाच नियम होता. जेम्स हॉग हा स्कॉटलंडमधील प्रसिद्ध कवी मूळचा मेंढपाळ. त्याने आपल्या ‘सिरा’ नावाच्या कुत्र्याची हकीकत लिहून ठेवली आहे. नुकतीच आईपासून तोडलेली सुमारे सातशे कोकरे एकदा मध्यरात्री बिथरून तीन दिशांस पळाली. हॉग व त्याचा सोबती रात्रभर व्यर्थ हिंडले. उजाडल्यावर पाहतात तो, एका घळीत सातशेही कोकरे गोळा करून सिरा त्यांच्यासमोर उभा! त्या काळोखात त्यास ना हुकूम होता ना सोबत.

आता आमच्या घराकडे वळू. आमच्या चिरंजीवांनी महाविद्यालयात असताना, आमचा सल्ला न घेता, बॉर्डर कॉली जातीचे एक पिलू घरी आणले. त्याचे काळेपांढरे रूप पाहून आम्ही रागावण्याचे विसरलो, ही आमची पहिली चूक. तिचे नाव बिजली ठेवले. पुढे चिरंजीव शिक्षणासाठी परदेशी गेले, आणि पुण्यातील आमचे तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाड, दोन प्रौढ माणसे व एक गॅलरी एवढेच तिचे जग उरले. तिला उणे काहीच नव्हते. वेळेवर अन्न होते, पंख्याखाली जागा होती, सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या टोकापर्यंत फेरी होती. तरीही ती तासन्‌तास गॅलरीच्या गजांतून खालच्या रिक्षांवर नजर रोखून बसे; एक दृष्टिआड झाली की दुसरीवर. पडद्याची सावली भिंतीवर हलली तरी ती दबा धरी. आम्ही यास कौतुकाने ‘बिजलीची नोकरी’ म्हणत असू.

एका दिवाळीस आमच्या भावंडांची कुटुंबे जमली. सहा मुले दिवाणखान्यात धावू लागताच बिजलीने दोन वळसे घालून त्यांस एका कोपऱ्यात गोळा केले. मोठी मंडळी पोट धरधरून हसली. इतक्यात धाकट्या बंधूंची पाच वर्षांची नात त्या कोपऱ्यातून निसटली, आणि बिजलीने तिच्या टाचेस दात लावले. रक्त थोडे आले, रडणे पुष्कळ झाले, आणि ऐन सणात डॉक्टरांकडे धाव घ्यावी लागली. त्या रात्री घरात सभा भरली. ‘कुत्री उलटली’ हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. गावाबाहेर ज्यांचे शेतघर आहे असे एक परिचित गृहस्थ तिला न्यावयास तयार होते. फाटकाशी साखळीने बांधून ठेवू, राखणीस बरी, असे ते म्हणाले. आम्ही होकार दिला. ही गोष्ट येथे लपवून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही.

रात्री झोप आली नाही. बिजली उलटली होती काय? ज्या कृत्याबद्दल तिच्या पूर्वजांस शंभरांहून अधिक वर्षे शाबासकी मिळत आली, तेच तिने केले होते. कळपातून फुटणाऱ्या कोकरास तिने परत वळविले. फरक एवढाच की ते कोकरू आमच्या बंधूंची नात होते. आणि अशा प्राण्यास आम्ही साखळीने बांधून राखणीस बसविणार होतो! सकाळी उठून आम्ही त्या गृहस्थांस नकार कळविला. घरच्या मंडळींस तो रुचला नाही, आणि त्यांची बाजू मुळीच क्षुल्लक नव्हती. ज्या घरात लहान मुले येतात त्या घरात दात लावणारा प्राणी ठेवणे हा मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि कुत्र्याच्या पूर्वजांचा इतिहास सांगून आईची भीती जात नाही.

आमच्या बंधूंनी दुसराही एक आक्षेप घेतला, व तो अधिक खोल होता. ते म्हणाले, ‘दादा, स्वभाव काय पाषाणावरची रेघ आहे? चार पिढ्या घरात राहिले की हे कुत्रेही निवळतील.’ यात तथ्य आहे. लांब केसांच्या कॉलीस व्हिक्टोरिया राणीने १८६० च्या दशकात बालमोरल येथील आपल्या प्रासादात स्थान दिले. तेव्हापासून ती जात दिवाणखान्यात व प्रदर्शनांत वाढली, आणि आज ती आपल्या सीमेवरील बहिणीपेक्षा पुष्कळ शांत आहे. परंतु कामाची कसोटी सुटली की दुसरी कोणती कसोटी तिची जागा घेते, हे अल्सेशियनच्या इतिहासावरून पाहावे. माक्स फोन श्टेफानित्स या जर्मन घोडदळ अधिकाऱ्याने १८९९ साली मेंढ्या वळणाऱ्या एका कुत्र्यापासून या जातीचा पाया घातला. उपयुक्तता हेच त्याच्या लेखी सौंदर्य होते. पुढे प्रदर्शनांत बक्षिसे मिळविण्यासाठी याच जातीच्या पाठीस उतार व मागील पायांस अतिरेकी वाक देण्यात आला. खुब्याच्या सांध्याचा विकार हे तर या जातीचे परिचित दुखणे होऊन बसले आहे. स्वभाव निवळविण्याचे काम हाती घेणाऱ्याने आपला हात कोणत्या हेतूने चालतो आहे, हे आधी तपासावे. शिवाय, चार पिढ्यांनंतरच्या कुत्र्याचे समाधान आज आमच्या गॅलरीत बसलेल्या कुत्रीच्या काय उपयोगाचे?

याहूनही बिकट असा तिसरा आक्षेप आम्हीच स्वतःवर घेतला. घरोघरी हे कुत्रे पाळले जातात म्हणून तर ते एवढ्या संख्येने जन्मास येतात. तेव्हा अपुरे का होईना, पण जगणे हे मुळीच नसण्याहून बरे नव्हे काय? आम्हांस हा युक्तिवाद आकर्षक परंतु घातक वाटतो. मुलास जन्म दिला एवढ्यावरून त्यास उपाशी ठेवण्याचा अधिकार बापास प्राप्त होत नाही. आणि येथे तर ती भूकही आपणच निर्माण केलेली आहे. रस्त्यावरील साध्या कुत्र्यास डोंगरभर पांगलेला कळप गोळा करण्याची तळमळ नसते. ती तळमळ माणसाने आपल्या लाभासाठी त्या प्राण्याच्या रक्तात पेरली, आणि तिचे पीक दीडशे वर्षे खाल्ले. म्हणून येथे दया हा शब्द अपुरा पडतो. दया करणारा इच्छेस येईल तेव्हा हात आखडू शकतो. ऋणकोस ती मोकळीक नसते. आपल्या पूर्वजांनी गृहस्थाच्या नित्यकर्मांत भूतयज्ञ घातला व त्यात कुत्र्याचाही घास काढून ठेवला, तो ऋणाच्याच भावनेने. वळणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत त्या घासात अन्नाबरोबर कामही वाढले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

पण मेंढ्या आणावयाच्या कोठून? याचे एक सुंदर उत्तर जॉन पिली या मानसशास्त्राच्या सेवानिवृत्त अमेरिकन प्राध्यापकांनी दिले. त्यांच्या घरी ‘चेसर’ नावाची बॉर्डर कॉली कुत्री होती. तिच्यासाठी त्यांनी खेळण्यांचाच कळप केला, प्रत्येक खेळण्यास नाव दिले, आणि रोज चार-पाच तास तिच्याबरोबर परिश्रम केले. तीन वर्षांत ती १०२२ वस्तूंची नावे ओळखू लागली. त्याचा वृत्तान्त २०११ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लोक यातील हजाराचा आकडा पाहून थक्क होतात. आमचे लक्ष त्या रोजच्या चार तासांकडे गेले. अशा कुत्र्यास मेंढी अपरिहार्य नाही; त्यास शिटी वाजविणारा माणूस मात्र अपरिहार्य आहे. आणि आपल्या घरांत उणीव असते ती नेमकी त्या माणसाचीच. पैसा देता येतो, वेळ देववत नाही.

आपल्या देशाच्या कायद्यानेही या ऋणाचा काही अंश ओळखला आहे. प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास मालकाने योग्य व्यायाम न देणे हा अपराध गणला आहे, आणि सबळ कारणाशिवाय प्राण्यास टाकून देणे हाही. पहिल्या अपराधास त्या कायद्याने दंड सांगितला तो दहा ते पन्नास रुपये! उरलेला दंड सद्‌सद्विवेकबुद्धीने वसूल करावयाचा, असा आम्ही त्याचा अर्थ करतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजामागून चालणारा कुत्रा त्याने बोलाविलेला नव्हता. आपण होऊन मागे आलेल्या त्या जीवासाठी त्याने स्वर्गाचा रथ नाकारला. आम्ही तर बिजलीस पैसे मोजून, तिच्या आईपासून तोडून घरी आणले होते. तिच्यावरील आमचे दायित्व धर्मराजाहून कमी कसे ठरावे?

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नास आमचे उत्तर दुहेरी आहे. ज्याने असा कुत्रा अद्याप आणलेला नाही, ज्याच्या घरी धावावयास जागा नाही व द्यावयास रोजचे दोन-तीन तास नाहीत, त्याने तो आणू नये. कुत्रा चांगला आहे, हे आणण्यास पुरेसे कारण नव्हे. ज्याने आणलेला आहे, त्याने मात्र आपली चूक कुत्र्याच्या गळ्यात बांधून मोकळे होऊ नये. त्याच्या तळमळीस खरोखरच अधिक योग्य असे घर मिळत असेल तर तेथे द्यावा. न मिळेल तर स्वतःची दिनचर्या बदलावी.

आम्ही ती बदलली आहे. पहाटे साडेपाचास टेकडीवर जातो. मान हलकी दुखते, पण शिटी वाजविता येते. सहा रंगीत चेंडू फेकून ते ठराविक क्रमाने गोळा करविण्याचा आमचा खेळ पाहून फिरावयास येणारे परिचित हसतात. मुले घरी आली की बिजली आतल्या खोलीत असते, आणि मोठ्या माणसावाचून तिच्याजवळ कोणास जाऊ देत नाही. धाकट्या बंधूंची सून अजून मुलीस घेऊन पूर्वीसारखी राहावयास येत नाही. त्याचे दुःख आम्हांस आहे, आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचे धैर्य नाही. बिजली दुपारी अजूनही कधी कधी गॅलरीत जाऊन रिक्षांवर नजर रोखते. ऋण फिटले असे आम्ही म्हणत नाही. हप्ते चालू आहेत.