परसातलं झाड आणि असंगाचं शस्त्र

घराची वाटणी होते तेव्हा खोल्या मोजता येतात, भांडी मोजता येतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्याही ठरवता येतात. अडतं ते परसातल्या झाडापाशी. नगर जिल्ह्यातल्या जुन्या घरांमागे असं एखादं झाड बहुधा असतंच. लिंब, चिंच, शेवगा, नाहीतर सीताफळ. पाऊस बेताचा, म्हणून ते न्हाणीच्या आणि खरकट्या भांड्यांच्या पाण्यावर वाढलेलं असतं. कडक उन्हाळ्यात आजीने ते पाणी त्याच्या आळ्यात वळवलं, म्हणून ते जगलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या फांदीला लेकरांच्या झोळ्या टांगलेल्या असतात, त्याच्याच सावलीत बायका चिंचा फोडायला बसलेल्या असतात. मग नवं बांधकाम निघतं आणि झाड पायाच्या आड येतं. एक भाऊ म्हणतो, तोडू. दुसरा म्हणतो, आईच्या हातचं आहे.

हा नुसता भावनेचा प्रश्न नाही, धर्माचाही आहे. ज्या परंपरेने झाड लावणं पुण्याचं मानलं, तिनेच माणसाला आसक्ती सोडायला सांगितलं. मग गेलेल्या माणसाच्या हातचं झाड जिवापाड जपणं ही भक्ती म्हणायची की मोह?

या प्रश्नाचा विचार करायला नगरकरांना दूर जावं लागत नाही. प्रवरेकाठच्या नेवाशात, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली असं मानतात, तो पैसाचा खांब आजही तिथे आहे. गीतेचा पंधरावा अध्याय उघडतो तोच एका झाडावर. मुळं वर, फांद्या खाली, असा संसाराचा अश्वत्थ. गीतेची आज्ञा स्पष्ट आहे: हे झाड असंगाच्या बळकट शस्त्राने तोडा. ज्ञानदेवांनी या वृक्षाचं विस्ताराने वर्णन केलं आहे. तो अज्ञानातून उगवला, म्हणून ज्ञानानेच तुटतो, असं ते समजावतात.

पण त्याच ग्रंथात, बाराव्या अध्यायात, दुसरं एक झाड आहे. भक्ताची समदृष्टी सांगताना ज्ञानदेव त्याचा दाखला देतात. घाव घालायला आलेला असो की रोप लावणारा, त्या झाडाची सावली दोघांनाही सारखीच मिळते. इथे झाड तोडायचं नाही. झाडासारखं व्हायचं आहे.

ही दोन झाडं शेजारी ठेवली की परसातल्या भांडणावर प्रकाश पडतो. पंधराव्या अध्यायातली कुऱ्हाड चिंचेवर किंवा लिंबावर चालवायची नाहीच. ती चालवायची आहे ‘माझं’ या गाठीवर. ‘आईने लावलं, म्हणून ते माझ्याच वाट्याला आलं पाहिजे’ असं म्हणणारी ओढ मोहाच्या जवळची आहे. ‘आईने लावलं, म्हणून त्याच्या सावलीला कुणालाही मज्जाव नको’ ही ओढ बाराव्या अध्यायातल्या भक्तीच्या जवळची. आठवण दोन्हीकडे एकच आहे. फरक पडतो तो तिच्या जोरावर माणूस काय मागतो आणि काय देतो यातून.

तरी हा विचार माणसापुरताच ठेवून भागत नाही, कारण झाडाचीही एक बाजू आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज ऋषी शंका काढतात की झाडांना जीव कसा मानावा. भृगू त्यांना निरीक्षणातून उत्तर देतात: उष्णतेने पानं कोमेजतात, म्हणजे झाडाला स्पर्श कळतो, वेल आधाराकडे वळते, म्हणजे तिला वाट दिसते, मुळं पाणी पितात, तोडलेल्या जागी पुन्हा फूट येते. जैन दर्शन वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानतं. याच परंपरेतले आचार्य आनंदऋषीजी १९०० साली पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीत जन्मले आणि १९९२ साली नगरमध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांना मानणाऱ्या घरांत झाडाची फांदीही विनाकारण मोडू नये, हा संस्कार नवा नाही.

राज्यकर्त्यांनीही माणसाचं झाडाशी असलेलं नातं ओळखलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५च्या सुमारास, आरमारासाठी लाकूड कुठून आणावं याचे नियम आहेत. आंबा-फणसाचं लाकूडही उपयोगाचं, तरी त्याला हात लावू देऊ नये, असं ते बजावतात. कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात आणि ती तुटली तर तिच्या दुःखाला सीमा राहत नाही. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच ते घ्यावं. जहाजबांधणीच्या हिशेबात शेतकऱ्याच्या दुःखाची नोंद घेणारा हा दस्तऐवज आजही वाचावा असा आहे.

हे नातं जपायला झाड पूज्य मानलेलं असावं लागत नाही. शिर्डीच्या गुरुस्थानातला लिंब किंवा संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा अफाट वड यांच्यामागे श्रद्धा आणि आख्यायिका उभ्या आहेत. परसातल्या सीताफळामागे त्यातलं काहीच नाही. ते मुळात अमेरिका खंडातलं, बाहेरून आलेलं. तरीही ते इथल्या माळरानात रुजलं आणि घरोघरच्या आठवणींत गेलं. त्याच खंडातला अ‍ॅव्होकॅडो आता महाराष्ट्रात लावला जातो आहे. आज लावणाऱ्याच्या नातवंडांनाही तो आजोबांचाच वाटेल. झाडाला पावित्र्य येतं ते त्याच्यासाठी वाहिलेल्या पाण्यातून आणि त्याच्यासोबत घालवलेल्या वर्षांतून.

‘माझं’ ही गाठ सैल केल्यावर काय घडतं, ते हिवरे बाजार या गावाने दाखवलं आहे. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. त्यानंतर गावाने श्रमदान, चराईबंदी यांबरोबर कुऱ्हाडबंदीही स्वीकारली. त्याआधी राळेगणसिद्धीने तीच वाट धरली होती. आपल्या हातातली कुऱ्हाड माणसांनी सगळ्यांसाठी खाली ठेवली आणि उजाड डोंगरावर पुन्हा हिरवळ आली.

कायदाही आता याच दिशेने बोलतो. शहरी भागात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडाला वारसावृक्ष मानलं. म्हणजे पन्नाशी गाठलेलं झाड एकट्या मालकाच्या मर्जीवर राहत नाही.

म्हणून घराची वाटणी करायला बसाल तेव्हा परसातलं झाड सामाईक ठेवा आणि तसं कागदावर लिहून घ्या. घराचा नकाशा काढणाऱ्याला झाडाची जागा आधी दाखवा, पायाची नंतर. आणि झाड वाळू लागलं किंवा खरोखरच दुसरा मार्ग उरला नाही, तर ते पाडण्याआधी त्याच्या बियांची रोपं तयार करून प्रत्येक भावा-बहिणीच्या दारात एकेक लावा.