रिकामा रकाना

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून घेण्याचे दिवस शिक्षकाच्या अंगावर येतात. आमच्या उर्दू शाळेत ते काम आम्ही मुलांना समोर बसवूनच करतो. एका चुकीपायी फॉर्म परत आला तर कुणाच्या तरी बापाची एक दिवसाची मजुरी बुडते. एकदा असेच फॉर्म चालू असताना एका मुलीने धर्माच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, "सर, ये खाना खाली छोड़ा तो चलेगा क्या?" आम्ही सवयीने म्हणालो, "नहीं चलेगा. फॉर्म इसी खाने का तो है." ती हसली आणि लिहून मोकळी झाली.

आमचे उत्तर खोटे नव्हते. अल्पसंख्याकांसाठीच्या शिष्यवृत्तीत आपण कोण ते लिहावेच लागते. पण त्याच वर्गाला आम्ही शहरियत शिकवतो आणि घटनेपुढे सगळे नागरिक सारखे, हे फळ्यावर लिहितो. मग सारखेपणा आणि हा रकाना एका घरात नांदतात कसे? आमच्या मुलीचा प्रश्न फॉर्मपुरता होता. एका देशात मात्र हाच प्रश्न निवडणुकीच्या उमेदवारी अर्जावर उभा राहिला आणि थेट संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेला. तो देश म्हणजे मॉरिशस. स्वतंत्र होता होता त्याने हा रकाना आपल्या घटनेतच लिहून ठेवला होता.

मॉरिशस मराठी वाचकाला अगदीच परका नाही. मुंबई बंदरातून गेलेल्या गिरमिट्यांची नातवंडे-पतवंडे तिथे आजही मराठी म्हणवून घेतात. हे बेट १८१० साली इंग्रजांनी फ्रेंचांकडून जिंकले. तिथली गुलामी १८३५ साली संपली, पण त्याच्या आदल्याच वर्षापासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर नेणे सुरू झाले होते. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. त्यांत बिहारी होते, तमिळ, तेलुगू, मराठी होते, हिंदू होते, मुसलमान होते. कच्छी मेमन आणि सुरती व्यापारी स्वतःच्या भाड्याने गेले. बेटावर फ्रेंच मळेवाले आणि गुलामांचे वंशज क्रिओल होतेच, मागून चिनी दुकानदार आले.

१८८६ साली पहिली निवडणूक झाली तेव्हा मताचा हक्क शंभरात एखाद-दुसऱ्यालाच होता. मालमत्ता आणि मिळकत पाहून मत मिळे. ही अट पुढे साठ वर्षे थोड्याफार फरकाने टिकली. मग १९४७च्या सुधारणेत नियम आला की बेटावर चालणाऱ्या कोणत्याही भाषेत साधे वाक्य लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मत मिळेल. येथे आम्हाला थोडे रेंगाळू द्या, कारण हा आमच्या धंद्याचा भाग आहे. पंडित बासदेव बिसुनदयाल यांच्या जनआंदोलनाने गावोगावच्या बैठकांतून मजुरांना अक्षरे गिरवायला बसवले. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे कंदिलाच्या उजेडात आपले नाव लिहायला शिकत, आणि ती मुळाक्षरे थेट मतदार यादीत जाऊन पडत. सुमारे बारा हजार असलेले मतदार १९४८च्या निवडणुकीत सत्तर हजारांवर गेले. पाटी-पेन्सिलीने घटना पुढे ढकलल्याचे असे उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही. बी.एड.च्या वर्गात हे कुणी सांगितले असते तर आम्ही पाठ घेण्याचे टिपण अधिक मन लावून लिहिले असते!

पण त्याच निवडणुकीने एक भीतीही जन्माला घातली. निवडून द्यायच्या एकोणीस जागांवर एकही मुसलमान आला नाही. बेटावर सहातला एक माणूस मुसलमान, आणि सभागृहात निवडून आलेला शून्य. अब्दुल रझाक मोहम्मद हे कलकत्त्यात जन्मलेले आणि पुढे पोर्ट लुईचे महापौर झालेले पुढारी. त्यांनी या भीतीला आवाज दिला आणि मुसलमानांची एक समिती उभी करून घटनात्मक हमी मागितली. आपल्याकडे १९०९ साली आलेल्या विभक्त मतदारसंघांची आठवण यावी अशीच ती मागणी होती. क्रिओलांना वेगळी भीती होती. इंग्रज गेला की हिंदूंचे राज्य येईल, असे त्यांना वाटे. चिन्यांची संख्या इतकी थोडी की त्यांच्या भीतीला विचारणारेही कुणी नव्हते.

१९५९ साली सर्व प्रौढांना मत मिळाले. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये घटना परिषद भरली. शिवसागर रामगुलाम यांचा मजूर पक्ष आणि त्याचे साथी स्वातंत्र्य मागत होते, तर पार्ती मोरिसियँला ब्रिटनशी जोडलेले राहायचे होते. तो पक्ष परिषदेतून उठून गेला. पुढे बॅनवेल आयोग आला, त्याच्या शिफारशींवर भांडण झाले आणि १९६६ साली जॉन स्टोनहाउस नावाच्या ब्रिटिश मंत्र्याने येऊन तोडगा काढला. (याच गृहस्थांनी १९७४ साली मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून स्वतःच्या मृत्यूचे नाटक केले आणि महिनाभरात ते ऑस्ट्रेलियात सापडले. तोडगा मात्र त्यांच्याहून टिकाऊ निघाला.)

तोडगा असा होता. बासष्ट जागा सरळ मतांनी भरायच्या. शिवाय आठ जागा हरलेल्या उमेदवारांतल्या सरसांना द्यायच्या, त्याही जमात पाहून. म्हणून या पद्धतीला बेस्ट लूझर म्हणतात. घटनेने चार जमाती मानल्या : हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे, आणि 'सर्वसाधारण लोकसंख्या'. जमातीच्या लोकसंख्येला तिला मिळालेल्या जागा अधिक एक या आकड्याने भागायचे. ज्या जमातीचा भागाकार सर्वांत मोठा, तिची उपेक्षा सर्वांत मोठी, म्हणून जागा तिला. पहिल्या चार जागा पक्ष न पाहता द्यायच्या, उरलेल्या चारांत पक्षांचा तोलही सांभाळायचा. गणित आमच्या आठवीच्या मुलांना जमेल इतके सोपे आहे. अवघड आहे ती व्याख्या. ज्याची 'जीवनपद्धती' पहिल्या तिन्ही जमातींत बसत नाही तो सर्वसाधारण. आणि उमेदवाराने लिहिलेल्या जमातीवर कुणी हरकत घेतली तर निवाडा सर्वोच्च न्यायालयाने करायचा.

या व्याख्येपाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. एखाद्याची जीवनपद्धती मुसलमानाची आहे हे न्यायाधीश कशावरून ठरवणार? नावावरून की नमाजावरून? की बायकोच्या धर्मावरून? दोन जमाती धर्माच्या, एक वंशाची, आणि चौथी उरलेल्यांची. तमिळ, तेलुगू, मराठी यांना वेगळा रकाना नाही, ते हिंदूंत मोजले जातात. भीती खरी होती हे आम्ही मानतो. पण तिच्यापासून वाचण्यासाठी माणसाने आपण कोण हे सांगण्याचा हक्कच दुसऱ्याच्या हाती दिला.

इथे आपल्याकडचा वाचक म्हणेल, आम्ही हे केले नाही. बरोबर आहे. आपल्या घटना समितीने १९४७ साली अल्पसंख्याकांना राखीव जागा मान्य केल्या होत्या आणि मे १९४९ मध्ये त्या सोडून दिल्या. बेगम कुदसिया ऐजाज रसूल यांनी त्या सोडण्याच्या बाजूने मत मांडले, मद्रासचे मुहम्मद इस्माईल विरोधात उभे राहिले. आम्ही हा धडा शिकवतो तेव्हा बेगमसाहेबांच्या बाजूने बोलतो, मनापासून बोलतो. पण २०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या अठ्ठेचाळीस जागांतून एकही मुसलमान निवडून आला नाही, हेही त्याच वर्गात बसलेल्या मुलांना ठाऊक असते. १९४८चा मॉरिशसमधला शून्य आणि हा शून्य यांत काय फरक, असे एखाद्याने विचारले तर आमच्याकडे तयार उत्तर नाही. 'धर्म विचारूच नका' हे वाक्य ज्याला मोजणीची धास्ती नाही त्याच्या तोंडी फार सहज येते. म्हणून रझाक मोहम्मद यांना जातीयवादी म्हणून निकालात काढणे आम्हाला जमत नाही.

हमीने शांतता आली का? लगेच तरी नाही. ऑगस्ट १९६७च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाद्यांना बहुमत मिळाले, पण मतदारांपैकी चव्वेचाळीस टक्के विरोधात होते. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत मुसलमान आणि क्रिओल यांच्यात दंगली पेटल्या. प्लेन व्हर्टमधून क्रिओल निघून गेले, रोश बुआमधून मुसलमान. ब्रिटिश फौज बोलवावी लागली आणि तिच्या पहाऱ्यातच १२ मार्च १९६८ रोजी नवा झेंडा चढला. पण पुढच्या काळात कासम उतीम यांच्यासारखा मुसलमान दहा वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिला, आणि सरकारे मतपेटीतूनच बदलत गेली. त्यात आठ जागांचा वाटा किती हे कोण मोजणार?

चार रकान्यांच्या या भांडणात एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या हातून निसटली. परिषद चालू असतानाच चागोस बेटे मॉरिशसपासून तोडण्याचा सौदा झाला आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये ती वेगळी काढली गेली. पुढे १९७३पर्यंत तिथल्या साऱ्या रहिवाशांना हुसकले, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळ हवा होता. लंडनच्या त्या टेबलावर त्यांचा एकही माणूस नव्हता. ते 'सर्वसाधारण' लोकांत जमा होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ साली आपल्या मतात ही तोडणी बेकायदेशीर ठरवली, आणि बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर २२ मे २०२५ रोजी सह्या झाल्या. ज्यांची घरे गेली त्यांतले कितीतरी तोवर दफन झाले होते.

रकान्याची गोष्ट इकडे चालूच होती. १९७२ नंतर जनगणनेत जमात विचारणे बंद झाले आणि १९८२ साली घटना बदलून ठरवले की आठ जागांसाठी १९७२चेच आकडे धरायचे. म्हणजे देशाने माणसे मोजणे सोडले, पण उमेदवाराला जमात लिहायला लावणे सोडले नाही. नव्या पिढीतल्या काहींनी रकाना रिकामा ठेवला आणि ते न्यायालयात गेले. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने कौल दिला की इतक्या जुन्या आकड्यांच्या आधारावर ही सक्ती करणे हा हक्कभंग आहे. २०१४च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली. ज्याला लिहायचे नाही त्याने लिहू नये, आठ जागांत त्याचा विचार होणार नाही. २०१९ साली सक्ती परत आली आणि रिकामे अर्ज बाद झाले.

आम्हाला २०१४ची ती तात्पुरती सूट सर्वांत शहाणपणाची वाटते. आडोसा ज्याला हवा त्याने घ्यावा, नको त्याला बाहेर उभे राहता यावे. यावरचा आक्षेपही आम्हाला दिसतो. रकाना ऐच्छिक झाला तर मोठ्या जमातीचे पुढारी तो सोयीने रिकामा ठेवतील, भागाकार कोसळेल, आणि ज्या लहान जमातीसाठी हे सारे केले तीच उघडी पडेल. तरीही आम्ही सुटीच्याच बाजूने राहू, पण हे सांगताना आवाज फार चढवणार नाही.

त्या मुलीचा फॉर्म आम्ही पुढच्या टेबलाकडे सरकवला. अक्षर सुरेख होते. खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का तेवढा राहिला होता.